यंत्र आणण्यापूर्वी माणसास विचारा

(अमरावती येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने यंदा आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ती आम्ही शिरोधार्य मानली; परंतु विषय कळला तेव्हा क्षणभर छातीत धडकी भरली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. उभे आयुष्य खडू, फळा आणि हजेरीपट यांच्या संगतीत गेले. अशा माणसाने ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि नोकरदार वर्ग’ या विषयावर बोलावे, हे पोहता न येणाऱ्याने पुराचे वर्णन करण्यासारखे आहे. तथापि काठावर उभे राहून पूर पाहणाऱ्यासही काही गोष्टी दिसतात, आणि कधी कधी त्या पाण्यात असलेल्यास दिसत नाहीत. तेवढ्याच अधिकाराने आम्ही येथे उभे आहोत.

हा विषय आमच्या दारी कसा आला ते प्रथम सांगतो. गेल्या दिवाळीत एकाच दिवशी आमच्या ओसरीवर दोघे आले. सकाळी आला तो आपल्याच ज्ञातीतील एक तरुण. एका पतसंस्थेत तो बारा वर्षे लिपिक आहे. फराळाची बशी पुढे ठेवली तरी त्याचा हात पुढे होईना. म्हणाला, “मामा, आमच्या संस्थेत आता एआय येनार म्हनतात. कर्जाचे कागद तेच वाचनार, खातेदाराले उत्तर तेच देनार. मंग माह्यं काय?” संध्याकाळी आले ते दुसऱ्या एका संस्थेचे संचालक, तेही आपलेच. ते उत्साहात होते. म्हणाले, “गुरुजी, नवी प्रणाली घ्यायचं ठरलं आहे, मंडळाचा ठरावही झाला. कर्मचाऱ्यांना नंतर सांगू. आधी सांगितलं की नुसती बोंब होते.”

संस्था वेगवेगळ्या, परंतु प्रश्न एकच. एकाच्या मनात भीती आणि दुसऱ्याच्या तोंडी ‘नंतर सांगू’. आज या मंडपात एकाच सतरंजीवर दोन्ही प्रकारची माणसे बसलेली आहेत. दुकानदार आहेत, दालमिलवाले आहेत, पतसंस्थांचे संचालक आहेत. तसेच लिपिक आहेत, शिक्षक आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, कारखान्यांतील कामगार आहेत. हे दोन पक्ष इतरत्र समोरासमोर येतात ते बहुधा भांडणासाठीच. येथे ते पंगतीत शेजारी बसतात. म्हणूनच ही गोष्ट येथे बोलणे आम्हांस योग्य वाटले.

आता ही कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय, ते आमच्या मास्तरी भाषेत थोडक्यात सांगतो. पूर्वीच्या संगणकास प्रत्येक नियम माणसाने लिहून द्यावा लागे. या नव्या यंत्रापुढे लाखो उदाहरणे ठेवतात आणि त्यांतून ते स्वतःच मेळ बसविते. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर ‘चॅटजीपीटी’ हे उत्तरे देणारे यंत्र सर्वांस खुले झाले, तेव्हापासून हा शब्द घरोघरी पोचला. आमच्या वर्गात काही विद्यार्थी असे असत की त्यांचे पाठांतर अफाट, अक्षर मोत्यासारखे, आणि उत्तर न आले तरी पान कोरे सोडावयाचे नाही. असा विद्यार्थी चुकीचे उत्तरही अशा ठसक्यात लिहितो की तपासणारा फसावा. हे यंत्र बरेचसे त्या विद्यार्थ्यासारखे आहे. ते उपयोगी आहे, वेगवान आहे, परंतु त्याची वही तपासणारा जाणता माणूस हवा. आणि तो जाणता माणूस कोण? तर ते काम वर्षानुवर्षे करीत आलेला कर्मचारी. आमच्या सर्व बोलण्याचा गाभा एवढाच आहे.

आपल्या ज्ञातीस हे नव्याने सांगण्याची गरज पडू नये, कारण आपण हे एकदा भोगले आहे. आपल्या पूर्वजांचा घाणा आठवा. लाकडी उखळी, तिच्यात फिरणारी लाट, जुंपलेला बैल, आणि मागे चालणारा घरधनी. तीळ, जवस, करडई, भुईमूग यांचा घाण कधी सैल करावयाचा, पाण्याचा हबका किती मारावयाचा, हे हाताच्या स्पर्शाने आणि लाटेच्या आवाजाने कळे. पुढे एंजिनाच्या गिरण्या आल्या. गिरणी वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. तिने तेल स्वस्त केले. परंतु ती येताना घाणेवाल्यास कोणी विचारले नाही. ज्यास बियांची पारख होती तो गिरणीत हमाल म्हणून लागला, आणि त्याची विद्या त्याच्याबरोबर मसणात गेली.

त्याच काळात आपल्या शेजारी वर्ध्यास दुसरा एक प्रयोग चालला होता. १९३४ साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. तेथे झवेरभाई पटेल यांनी घाणीचा अभ्यास केला. त्यांनी जुनी घाणी फेकून दिली नाही. तिच्यातच सुधारणा केली, एका वेळी अधिक घाण मावेल आणि ढेपेत तेल कमी राहील अशी. तीच पुढे ‘वर्धा घाणी’ म्हणून नावाजली. ती बाजारात गिरणीपुढे टिकली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु दोन वाटांतील भेद पाहा. एका वाटेने यंत्र माणसास बाजूस सारून पुढे गेले. दुसऱ्या वाटेने माणसाच्या हातातील विद्या धरून यंत्र सुधारले. आज कार्यालयात नवे यंत्र आणताना आपल्यापुढे पुन्हा ह्याच दोन वाटा आहेत.

कोणी म्हणेल, गुरुजी, कर्मचाऱ्यांस विचारीत बसलो तर काम कधीच व्हावयाचे नाही. त्यास आम्ही बँकांचे उदाहरण देतो. बँकांत संगणक येऊ घातला तेव्हा कर्मचाऱ्यांत मोठी अस्वस्थता होती. मोर्चे निघाले, घोषणा झाल्या. परंतु १९८३ साली बँकांच्या व्यवस्थापनांची संघटना आणि कर्मचारी संघटना एका मेजावर बसल्या व यांत्रिकीकरणासंबंधी करार झाला. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली आपला अहवाल दिला. पुढे १९९३ साली संगणकीकरणाचा आणखी एक करार झाला. खतावणीची यंत्रे प्रथम आली तेव्हा बँकेतीलच लिपिक त्यांवर बसले आणि त्या कामाबद्दल त्यांस विशेष भत्ता मिळू लागला. वेळ लागला, हे खरे. परंतु आज अमरावतीच्या बँकेत संगणक बंद पडला तर तोच कर्मचारी हवालदिल होतो, ज्याच्या वडिलांनी कदाचित त्याच्याविरुद्ध घोषणा दिल्या होत्या. बोलण्यात गेलेला वेळ वाया जात नाही. तो पायात घातलेला दगड असतो.

आता न विचारता केलेल्या कामाचे फळ पाहू. हे उदाहरण दूरचे नाही. आज येथे बसलेल्या कित्येक भगिनींच्या अंगावरून ते गेले आहे. अंगणवाडीतील बालकांची वजने, उंची, आहार यांची नोंद करण्यासाठी मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आले. हेतू उत्तम होता. परंतु सेविकांच्या हाती असलेले मोबाइल जुने, त्यांची स्मृती तोकडी, आणि ॲपची भाषा इंग्रजी! जी बाई गावातील प्रत्येक गरोदर मातेस नावाने ओळखते, कोणते मूल गेल्या महिन्यात सुकले हे नुसते पाहून सांगते, ती त्या इंग्रजी पडद्यापुढे अडाणी ठरली. परिणामी ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. बंधूंनो, हे आंदोलन यंत्राविरुद्ध नव्हते. आम्हांस चालणारे यंत्र द्या, आमच्या भाषेत द्या, एवढेच त्या म्हणत होत्या. हे दोन प्रश्न आरंभीच चार सेविकांस विचारले असते तर कोणाचेही काही बिघडले नसते.

पुढे जुलै २०२५ पासून घरी नेण्याचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा यंत्राने ओळखण्याची पद्धत सक्तीची करण्यात आली. चेहरा ओळखणे ही कृत्रिम बुद्धिमत्तेचीच करामत होय. आहार खऱ्या लाभार्थीसच मिळावा, हा उद्देश कोणीही मान्य करील. परंतु धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरांत, जेथे मोबाइलला रेंज मिळण्यासाठी टेकडीवर चढावे लागते, तेथे चेहरा न जुळल्यास समोर उभी असलेली ओलीबाळंतीण रिकाम्या हाताने परत धाडावी काय? यंत्र ‘नाही’ म्हणते आणि सेविकेचे डोळे ‘हीच ती’ म्हणतात, अशा वेळी कोणाचे खरे धरावयाचे, हे आधी ठरले पाहिजे. ते ठरले नाही तर यंत्राची चूक गरीब बाईच्या पोटावर आणि बदनामी सेविकेच्या माथी येते.

शेतीकडे पाहावे तरी तोच धडा. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे २०२५ ते २०२९ या काळाचे धोरण मंजूर केले आणि त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरविली. गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु त्याच्या केवळ एक महिना आधी राज्यातील कृषी सहायक आंदोलन करीत होते, आणि त्यांच्या मागण्यांत एक मागणी लॅपटॉपची होती. धोरण आकाशाएवढे आणि बांधावर जाणाऱ्याच्या हाती साधन नाही, ही विसंगती सुज्ञांच्या ध्यानी येईलच.

परंतु सरकारला नावे ठेवणे सोपे असते. आता आमची स्वतःची चूक सांगतो, कारण ती सांगितल्याखेरीज हे भाषण करण्याचा आम्हांस अधिकार नाही.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत आम्ही एका शाळेचे मुख्याध्यापक होतो. शाळेचे आणि गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. विद्यार्थ्यांची सर्व माहिती संगणकावर भरण्याचे फर्मान आले. आमच्या शाळेत एक वयस्क शिक्षक होते. त्यांचा हजेरीपट म्हणजे गावाची वंशावळच. कोणाचा मुलगा कोणत्या आजीकडे राहतो, कोणाचे घर कापूस वेचणीसाठी कोठे गेले आहे, सारे त्यांस तोंडपाठ. परंतु संगणकापुढे त्यांचा हात थरथरे. आम्हांस वरून घाई होती. आम्ही काय केले? भर बैठकीत म्हणालो, “तुमच्याने हे व्हायचे नाही, गुरुजी. द्या ते रजिस्टर इकडे.” आणि ते काम एका तरुण शिक्षकाकडे दिले. त्या तरुणाने दोन रात्रींत माहिती भरली. आमची पाठ थोपटली गेली.

पुढे वर्षाअखेरीस कळले की एकाच नावाच्या दोन मुलींची नोंद एक समजून एकीचे नाव गळाले होते, आणि त्या मुलीची त्या वर्षाची शिष्यवृत्ती गेली. तिचे वडील मजुरी करणारे. ते शाळेत आले, भांडले नाहीत, नुसते दाराशी उभे राहिले. ते उभे राहणे आम्हांस आजही दिसते. त्या दिवशी वृद्ध शिक्षक आम्हांस हळूच म्हणाले, “गुर्जी, त्या दोघी येगयेगळ्या आहेत हे मी सांगितलं असतं ना. अन् मशीनचं म्हनान, त मले शिकवलं असतं त शिकलोही असतो. पन कोनं इचारलंच नाही मले.”

बंधूंनो, पस्तीस वर्षांच्या नोकरीत आमची अनेक वेळा तपासणी झाली. परंतु एवढा कडक शेरा कोणत्याही तपासनिसाने दिला नाही. आम्ही त्या शिक्षकाची क्षमा मागितली. मुलीची शिष्यवृत्ती मात्र परत आली नाही. तेव्हापासून आम्हांस कळले की कर्मचाऱ्यास विचारणे हा केवळ शिष्टाचार नव्हे. न विचारल्याची किंमत बहुधा तिसराच कोणी भरतो, आणि तो नेहमी सर्वांत दुबळा असतो.

आता विचारून केलेल्या कामाची दोन उदाहरणे देतो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आपल्या वऱ्हाडातील कपाशीची काय दैना केली ते शेतकऱ्यांस सांगावयास नको. शेतात कामगंध सापळे लावावेत, आणि सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग सापडले की उपाय करावा, असा शास्त्रज्ञांचा सल्ला असतो. परंतु पतंग मोजणार कोण आणि ओळखणार कोण? मुंबईच्या वाधवानी संस्थेने यासाठी असे ॲप केले की सापळ्यातील किडींचा फोटो काढला की ते मोजून सल्ला देते. त्यांनी हे काम शेतकरी आणि गावोगाव फिरणारे कार्यकर्ते यांना बरोबर घेऊन केले; साध्या मोबाइलवर आणि इंटरनेट नसतानाही चालावे म्हणून यंत्राची बुद्धी आटवून लहान केली. पतंग अचूक मोजण्यास जेवढे महत्त्व, तेवढेच ते साधन शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या हाती चालण्यास आहे. ही गोष्ट प्रयोगशाळेत बसून कळत नाही. बांधावर जाऊन विचारावी लागते.

दुसरे उदाहरण अकोल्याच्या एका दालमिलचे. तेथे पूर्वी बाया बसून डाळ निवडीत. मालकाने कॅमेऱ्याचे सॉर्टेक्स यंत्र आणले. ते दाणा पाहते आणि खराब दाणा हवेच्या फुंकरीने उडवून देते. हा मालक शहाणा निघाला. त्याने यंत्र बसविणाऱ्या कारागिराजवळ आपल्या जुन्या निवडणाऱ्या बायांस बसविले आणि म्हणाला, “कोणता दाणा वाईट, ते आधी यांना विचार.” नमुन्याचे ढीग त्या बायांनी लावले आणि त्यावरून यंत्राचे माप बसले. नंतर उडविलेला माल पुन्हा तपासण्याचे काम त्यांपैकी दोघींस मिळाले, काही जणी भरणीच्या कामावर गेल्या. सगळ्यांनाच काम उरले असे नाही. काहींना ते सोडावे लागले. परंतु तीन महिने आधी त्यांस स्पष्ट सांगितले होते आणि दुसरीकडे काम पाहून देण्याची खटपट मालकाने स्वतः केली. दुःख टळले नाही. फसवणूक मात्र टळली.

आता आमच्या सूचना. येथे बसलेल्या मालक, संचालक व अधिकारी मंडळींस आमचे हात जोडून सांगणे आहे.

पहिली गोष्ट, ठराव करण्यापूर्वी विचारा. ‘यंत्र आणू का?’ एवढेच विचारू नका. ‘तुमच्या कामातील कोणता भाग रोज तुमचे रक्त आटवितो?’ असे विचारा. त्याचे उत्तर मिळाले म्हणजे यंत्र कोठे लावावे ते आपोआप कळेल.

दुसरी गोष्ट, शिकवा, आणि कामाच्या वेळात, पगारी वेळात शिकवा. मराठीत शिकवा. वयस्क कर्मचाऱ्याशेजारी तरुण बसवा, म्हणजे एक यंत्र शिकवील आणि दुसरा काम शिकवील.

तिसरी गोष्ट, वाचलेल्या वेळाचे काय करणार ते आधीच उघड सांगा. कोणाची जागा कमी होणार असेल तर तेही लपवू नका. कर्मचारी वाईट बातमीने जेवढा खचत नाही तेवढा कुजबुजीने खचतो.

चौथी गोष्ट, अखेरचा शब्द माणसाचा ठेवा. यंत्राने एखाद्याचे कर्ज नामंजूर केले, तर त्या शेतकऱ्याचा कापूस अवकाळी पावसात भिजला आणि चुकारा अडकला आहे, हे जाणणाऱ्या लिपिकास ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असू द्या. यंत्राच्या चुकीबद्दल त्याच्या पगाराला कात्री लावू नका.

आणि आता नोकरदार बंधु-भगिनींनो, दोन शब्द तुम्हांस. विचारले जावे हा तुमचा हक्क आहे, परंतु विचारल्यावर उत्तर देणे हे तुमचे कर्तव्य आहे. ‘आम्हांस नको’ एवढे म्हणून दार लावू नका. काय नको, का नको, आणि काय चालेल, ते कागदावर लिहून द्या. उत्साहाच्या भरात खातेदारांचे कागद, आधारचे क्रमांक कोणत्याही फुकटच्या ॲपमध्ये घालू नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. आणि शिकण्यास लाजू नका. आपण ज्या संताजी जगनाडे महाराजांस वंदन करतो ते घाणा चालविणाऱ्या घरचे. तरी तुकोबांची अभंगवाणी लिहून ठेवणारी लेखणी त्यांच्याच हाती होती. लाट धरणारा हात लेखणी धरू शकतो, हे आपल्यास दुसऱ्या कोणी सांगावयास नको.

असो. त्या दिवशी दिवाळीत आम्ही त्या लिपिक तरुणास एवढेच सांगितले की तू तुझ्या कामाची यादी कर आणि त्यात तुलाच कळते असे काय आहे त्याच्यापुढे खूण कर. यादी करून तो परत आला तेव्हा खुणा त्याच्या स्वतःच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक होत्या. आणि त्या संचालकांस आम्ही म्हणालो, “भाऊसाहेब, ‘नंतर सांगू’ हे आमचेही ब्रीद होते, एका मुलीची शिष्यवृत्ती त्यात गेली.” ते काही बोलले नाहीत. ते आज या मंडपात बसलेले आहेत. पुढे त्यांनी काय केले ते, जेवणाच्या पंगतीत, त्यांनाच विचारावे. आणि विचारताना शेजारी त्यांचा एखादा कर्मचारी बसलेला असावा, म्हणजे उत्तर खरे मिळेल.